वाचकांचे प्रश्न : पाच पूर्ण, सहावे चालू

प्रश्न : मी नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. पाच विषयांचे गुण ॲरेमध्ये, म्हणजे एकाला एक लागून असलेल्या घरांच्या ओळीत, साठवून ते छापण्याचा प्रोग्राम मी जावामध्ये लिहिला. पाचही विषयांचे गुण व्यवस्थित छापून होतात आणि त्यानंतर ‘इंडेक्स ५ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ५’ असा संदेश येऊन प्रोग्राम बंद पडतो. सरांनी लूपच्या, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या भागाच्या, अटीतील ‘<=’ काढून ‘<’ करायला सांगितले. तसे केल्यावर प्रोग्राम चालला, परंतु का चालला हे मला समजले नाही. माझ्या मैत्रिणीने हाच प्रोग्राम सीमध्ये लिहिला, तेव्हा तिला कोणतीही चूक दाखवली गेली नाही. फक्त पाच गुणांनंतर एक भलतीच मोठी संख्या छापली गेली. मग बरोबर कोणाचे मानायचे?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तुम्हा दोघींचा प्रोग्राम सारखाच चुकलेला आहे. जावाने ती चूक तुम्हाला सांगितली, सीने तुमच्या मैत्रिणीला सांगितली नाही, एवढाच काय तो फरक. तुमचे नशीब मैत्रिणीपेक्षा चांगले आहे, असे मी म्हणेन.

प्रथम तो संदेश नीट वाचू. त्यात दोन आकडे आहेत आणि योगायोगाने दोन्ही ५ आहेत. बहुतेक नवशिक्यांचा गोंधळ येथेच होतो. ‘लांबी ५ आहे आणि मी ५ मागितला, मग बिघडले कुठे?’ असे त्यांना वाटते. परंतु हे दोन ५ वेगवेगळ्या जातीचे आहेत. दुसरा ५ ही मोजणी आहे, म्हणजे ॲरेमध्ये एकूण किती घरे आहेत, ते तो सांगतो. पहिला ५ मात्र मोजणी नाही आणि क्रमांकही नाही. ते अंतर आहे. आपल्याकडे लहान मुलाचे वय विचारले, तर घरातील वडीलधारी माणसे ‘चार पूर्ण झाली, पाचवे चालू आहे’ असे सांगतात. ॲरेचा इंडेक्स हा यातला ‘पूर्ण’चा आकडा आहे. एखाद्या घरापाशी पोहोचेपर्यंत मागे किती घरे पूर्ण ओलांडली, तेवढाच तो सांगतो. पहिल्या घराच्या आधी एकही घर नाही, म्हणून त्याचा इंडेक्स ०. पाचव्या घराआधी चार घरे आहेत, म्हणून त्याचा इंडेक्स ४. इंडेक्स ५ म्हणजे ‘पाच पूर्ण, सहावे चालू’. आणि तुमच्याकडे सहावा विषय नाही. तुमच्या लूपमध्ये फेऱ्या मोजणारा ‘आय’ शून्यापासून सुरू होऊन ‘आय <= ५’ या अटीमुळे ०, १, २, ३, ४, ५ अशा सहा फेऱ्या करत होता. ‘आय < ५’ केल्यावर त्या पाच झाल्या. सरांनी सांगितलेली दुरुस्ती अचूकच होती, तिचे कारण एवढेच.

हे अंतर यंत्राच्या दृष्टीने खरोखरीचे अंतर असते. सीमधील पूर्णांकांचा ॲरे मेमरीत १००० या पत्त्यापासून सुरू होतो आणि प्रत्येक पूर्णांक ४ बाइट जागा घेतो, असे समजा. मग इंडेक्स ० चे घर १००० वर, इंडेक्स १ चे १००४ वर आणि इंडेक्स ४ चे १०१६ वर येते. सूत्र साधे आहे : सुरुवातीचा पत्ता, अधिक इंडेक्स गुणिले एका घराचा आकार. तुमच्या पाच घरांनी १००० ते १०१९ हे वीस बाइट व्यापले. इंडेक्स ५ मागितला की सूत्र निमूटपणे १०२० हा पत्ता काढते. ती जागा तुमची आहे की नाही, हे सूत्राला ठाऊक नसते. जावा ही वाट चालण्याआधी प्रत्येक वेळी विचारते की, मागितलेला इंडेक्स शून्यापेक्षा लहान तर नाही ना, आणि लांबीइतका किंवा तिच्याहून मोठा तर नाही ना. सी विचारत नाही. ती थेट १०२० वर जाते, तेथे जे पडलेले असेल ते उचलते आणि तुमच्या मैत्रिणीच्या पडद्यावर आणून ठेवते.

त्या भलत्या संख्येला प्रयोगशाळेत ‘गार्बेज व्हॅल्यू’ म्हणतात, आणि ‘गार्बेज आले’ हे वाक्य आपल्याकडे ‘पाऊस आला’ या चालीवर उच्चारले जाते, जणू त्यात कोणाचाच दोष नाही. ही सवय मला घातक वाटते. मैत्रिणीने त्या सहाव्या घरातून फक्त वाचले, म्हणून निभावले. गुण भरून घेणाऱ्या लूपमध्येही तिने ‘<=’ लिहिले असेल, तर तिने १०२० या पत्त्यावर काहीतरी लिहून ठेवले; आणि तेथे कदाचित दुसरे एखादे व्हेरिएबल राहत असेल. एक जुने आणि गमतीचे उदाहरण असे आहे की, ॲरेतील सर्व घरांत शून्य भरणारा लूप एक पाऊल जास्त गेला आणि ॲरेच्या शेजारी नेमका ‘आय’च राहत असला, तर ‘आय’च शून्य होतो आणि लूप पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊन कधीच संपत नाही. शेजारी कोण राहते, हे कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनावर, अवलंबून असल्याने तोच प्रोग्राम एका संगणकावर अडकतो, दुसऱ्यावर बिनबोभाट चालतो आणि तिसऱ्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणून कोसळतो. सी भाषेच्या प्रमाणग्रंथात अशा वर्तनाला ‘अनडिफाइन्ड’ म्हटले आहे. त्याचा अर्थ असा की, पुढे काय होईल याची भाषेने कोणतीही हमी दिलेली नाही. मैत्रिणीला सांगा की जीसीसी किंवा क्लँग या कंपायलरमध्ये ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ नावाची तपासणी चालू करता येते. ती चालू केली की हीच चूक सीमध्येही ओळ क्रमांकासह हाती लागू शकते. टर्बो सी या जुन्या कंपायलरमध्ये ही सोय नाही, हे वेगळे सांगायला नको.

एका घराच्या चुकीने काय होऊ शकते, याची कल्पना यावी म्हणून अलीकडची एक घटना सांगतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक अद्ययावत फाइल जगभर पाठवली गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्या देशातही त्या दिवशी काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने नंतर जाहीर केलेल्या कारणमीमांसेनुसार एका बाजूला २१ नोंदी अपेक्षित होत्या आणि दुसऱ्या बाजूने २० च पुरवल्या जात होत्या. एकविसावी नोंद वाचू गेलेला प्रोग्राम ॲरेच्या बाहेर पडला. म्हणजे तुमचाच संदेश, फक्त ५ च्या जागी २०. तो प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात चालत असल्यामुळे नुसता प्रोग्राम बंद न पडता अख्खा संगणकच बसला.

‘ही तपासणी प्रत्येक वेळी केल्याने वेळ जात नाही का?’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल. जातो, परंतु फार थोडा. इंग्लंडमधील संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात अल्गोल या भाषेसाठी केलेल्या आपल्या जुन्या कंपायलरची हकीकत सांगितली आहे. तो कंपायलर प्रत्येक इंडेक्स प्रत्येक वेळी तपासत असे. कित्येक वर्षांनी त्यांनी ग्राहकांना विचारले की, वेग वाढवण्यासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी आहे का. ग्राहकांनी एकमुखाने ‘नको’ असे उत्तर दिले. तपासणीमुळे आपल्या किती चुका रोज सापडतात, हे त्यांना कळून चुकले होते.

तरीही जावाच्या तपासणीवर सगळा भार टाकून चालणार नाही, कारण ती मर्यादेबाहेरची मागणी पकडते, मर्यादेच्या आतली चुकीची मागणी पकडत नाही. आपल्या नाशिकच्या पांडवलेण्यांचेच उदाहरण घ्या. तेथे २४ लेणी आहेत आणि त्यांना १ पासून २४ पर्यंत क्रमांक आहेत. या लेण्यांची माहिती २४ घरांच्या ॲरेमध्ये क्रमाने भरली आणि ‘इंडेक्स २४’ मागितला, तर जावा लगेच अडवील. परंतु चैत्यगृह पाहायचे म्हणून ‘इंडेक्स १८’ मागितला, तर कोणीही अडवणार नाही आणि समोर १९ क्रमांकाचे लेणे येईल. तेही मोलाचे आहे, सातवाहन राजा कृष्ण याचा उल्लेख असलेला शिलालेख तेथे आहे. पण तुम्ही ते मागितले नव्हते. चैत्यगृह १८ व्या क्रमांकाचे, म्हणून त्याचा इंडेक्स १७.

म्हणून एक विनंती. संदेश आला की कोठेतरी ‘उणे १’ लावून पाहायचे, तो गेला नाही तर ‘अधिक १’ लावून पाहायचे, आणि तो नाहीसा झाला की प्रोग्राम दुरुस्त झाला असे समजायचे, ही रीत सोडा. संदेशाखाली ओळीचा क्रमांक दिलेला असतो. त्या ओळीवर जा, चौकटी कंसातील व्हेरिएबलकडे बोट ठेवा आणि ‘हा क्रमांक आहे, मोजणी आहे की अंतर आहे?’ याचे उत्तर मराठीत एका वाक्यात वहीत लिहा. वाक्य लिहिता आले नाही, तर चूक तेथेच आहे.

प्रश्न : आमचा पिंपळगाव बसवंतला कांद्याचा व्यवसाय आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून स्वतःच पायथॉन शिकत आहे. सोमवार ते शनिवार असे सहा दिवसांचे क्विंटलचे भाव मी लिस्टमध्ये ठेवले : १८००, १८५०, १८२०, १९००, १९५०, २१००. दररोज भाव किती चढला किंवा उतरला, हे काढण्यासाठी ‘आजचा भाव उणे कालचा भाव’ असा लूप लिहिला. प्रोग्राम विनातक्रार चालतो, परंतु सोमवारी ३०० रुपयांची घसरण दाखवतो. मी उलट बाजूने ‘उद्याचा उणे आजचा’ असे लिहून पाहिले, तर ‘लिस्ट इंडेक्स आउट ऑफ रेंज’ असा संदेश येतो. दोन्ही लूप मला सारखेच वाटतात.
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : दोन्ही लूप सारखेच चुकलेले आहेत, हे आपले निरीक्षण योग्य आहे. सोमवारचा इंडेक्स ०. त्याच्या ‘काल’चा इंडेक्स म्हणजे ० उणे १, अर्थात उणे १. जावाने येथेच प्रोग्राम थांबवला असता. पायथॉनमध्ये मात्र उणे १ या इंडेक्सला रीतसर अर्थ आहे : शेवटचे घर. उणे २ म्हणजे शेवटून दुसरे, आणि सहा घरांच्या लिस्टमध्ये हे उणे ६ पर्यंत चालते. उणे ७ मागितला तरच चूक दाखवली जाते. ही सोय एरवी मोठी उपयोगाची आहे. ताजा भाव हवा असेल, तर लिस्ट किती लांब आहे याची चौकशी न करता उणे १ लिहून तो मिळतो. आपल्या लूपमध्ये मात्र तिने घात केला. सोमवारच्या १८०० मधून शनिवारचे २१०० वजा झाले आणि ३०० ची घसरण उभी राहिली. आठवड्याचा शेवट आठवड्याच्या सुरुवातीला येऊन चिकटला.

दुसऱ्या लूपमध्ये शनिवारचा इंडेक्स ५ आणि त्याच्या ‘उद्या’चा ६, तो लिस्टमध्ये नाही, आणि बेरजेच्या बाजूला पायथॉनने अशी कोणतीही सवलत दिलेली नाही. म्हणून तेथे संदेश आला. व्यवहारात मला हा दुसरा लूप पहिल्यापेक्षा बरा वाटतो, कारण पहिल्याचे उत्तर कोणी न तपासता हिशेबात धरले असते.

मूळ प्रश्न इंडेक्सचा नसून मोजणीचा आहे. आपल्या भागात द्राक्षबागेचा मांडव उभारताना ६० फुटांच्या ओळीत दर १० फुटांनी खांब रोवायचा म्हटले, तर खांब ६ नव्हे, ७ लागतात, हे बागायतदाराला तोंडपाठ असते. मोकळे गाळे मात्र ६ च असतात. आपले दिवस म्हणजे खांब आणि भावातील फरक म्हणजे दोन खांबांमधले गाळे. सहा दिवसांचे फरक पाचच निघणार. आपण सहा फेऱ्या करून सहावा फरक मागत होता. तो अस्तित्वातच नव्हता, म्हणून एका लूपने तो बनवून दिला आणि दुसऱ्याने नकार दिला. पहिला लूप १ पासून सुरू करावा, म्हणजे मंगळवारपासून मागे पाहिले जाईल. किंवा दुसरा लूप शेवटच्या दिवसाच्या एक दिवस आधी थांबवावा. दोन्हींची उत्तरे एकच येतील : ५०, उणे ३०, ८०, ५०, १५०.

व्यापारी माणसाला ताळा आवडतो, म्हणून एक ताळा देतो. सर्व फरकांची बेरीज ही शेवटचा भाव उणे पहिला भाव इतकी आली पाहिजे. येथे ती ३०० येते आणि २१०० उणे १८०० हेही ३०० च आहेत. आपल्या चुकलेल्या लूपमध्ये ही बेरीज भाव कोणतेही असोत, नेहमी शून्य आली असती.

पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की, लिलाव न झालेल्या दिवसांच्या शून्य नोंदी लूपमध्येच काढून टाकताना मधेच तोच संदेश का येतो. लूप सुरू होताना लांबी एकदाच मोजली गेली; नोंदी काढत गेल्यावर लिस्ट आखूड झाली, पण फेऱ्या जुन्या लांबीइतक्याच राहिल्या. शिवाय एक नोंद काढली की तिच्या पुढची नोंद एक घर मागे सरकते आणि ती तपासायची राहून जाते. हव्या त्या नोंदींची नवी लिस्ट करावी, हे उत्तम.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत संगणक विषय शिकवतो. मुले ० पासूनच्या मोजणीला अडखळतात. भाषा तयार करणाऱ्यांनी १ पासून सुरुवात केली असती, तर हा सगळा त्रास वाचला नसता का? आणि निदान शाळेत तरी १ पासून शिकवावे काय?
— एक शिक्षक, सिन्नर

उत्तर : गुरुजी, १ पासून सुरुवात करणाऱ्या भाषा पूर्वीही होत्या आणि आजही आहेत. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रानमध्ये ॲरे १ पासून सुरू होत असे. मॅटलॅब, आर आणि ज्युलिया यांत आजही तसेच आहे. आणि आपल्या विद्यार्थ्यांनी स्क्रॅच वापरले असेल, तर त्यातील यादीही १ पासूनच सुरू होते. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएल या १९६७ च्या भाषेत इंडेक्स म्हणजे पत्त्यात मिळवायचे अंतर होते. तिच्यापासून बी आणि बीपासून सी असा वारसा चालत आला, आणि सीची धाटणी उचलणाऱ्या जावासारख्या भाषांनी शून्यही उचलला.

परंतु शून्याच्या बाजूने केवळ वारसाच आहे असे नाही. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये याच विषयावर एक छोटे हस्तलिखित टिपण लिहिले. त्यांचा मुद्दा असा की, सलग संख्यांचा पट्टा सांगताना खालची मर्यादा धरावी आणि वरची सोडावी, म्हणजे दोन्ही मर्यादांची वजाबाकी हीच पट्ट्याची लांबी होते आणि एक पट्टा जेथे संपतो तेथूनच दुसरा सुरू होतो. ही रीत मान्य केली, तर ‘न’ घरांसाठी ‘० पासून न पर्यंत, न सोडून’ हे ‘१ पासून न अधिक १ पर्यंत, न अधिक १ सोडून’ यापेक्षा सुटसुटीत दिसते. त्यांचा युक्तिवाद मला पटतो. मात्र १ पासून मोजणाऱ्या भाषेत मर्यादेबाहेर जाण्याच्या चुका होत नाहीत, हे खरे नाही. खांब आणि गाळे यांचा घोळ तेथेही होतो, तो फक्त दुसऱ्या टोकाला होतो.

शाळेत १ पासून शिकवून पुढे ते पुसून काढण्यापेक्षा शून्यच शिकवावे, परंतु ‘संगणक शून्यापासून मोजतो’ हे वाक्य वर्गात उच्चारू नये, अशी माझी सूचना आहे. संगणकही पाच वस्तू पाचच मोजतो. त्या वाक्यामुळेच मुले ‘लांबी ५ म्हणजे खरे तर ४’ असा भलता समज करून घेतात आणि मग सगळीकडे उणे १ लावत सुटतात. त्याऐवजी प्रार्थनेच्या वेळी जशी रांग लावतो तशी तीस मुलांची रांग लावावी आणि प्रत्येकाला ‘तुझ्यापुढे किती जण उभे आहेत?’ एवढे एकच विचारावे. पहिला मुलगा ‘कोणी नाही’ म्हणेल. त्याच्या हातात ० लिहिलेली चिठ्ठी द्यावी. दुसऱ्याला १ ची, तिसऱ्याला २ ची. शेवटच्या मुलाच्या चिठ्ठीवर २९ येईल. मग ३० ची चिठ्ठी हातात धरून ती कोणाला द्यायची, हे मुलांनाच विचारावे, आणि ती मागायला कोणी पुढे आले नाही म्हणजे फळ्यावर तो संदेश लिहावा : इंडेक्स ३० आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ३०.